तुम्ही विचारलंत म्हणून : तिला फुकट, मग आम्हाला फी का?

साताऱ्यात जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली. पालक बरंच काही विचारतात. उंची खुंटते का, हाडं झिजतात का, दहावीला ग्रेस मार्क मिळतात का. हे सगळं ते हॉलमध्ये, सगळ्यांसमोर विचारतात. एक प्रश्न मात्र बाहेर, चपला घालता घालता, आवाज खाली आणून येतो. “मॅडम, त्या मुलीची फी तुम्ही घेत नाही म्हणे?”

खरं आहे. आज माझ्याकडे 61 मुलं-मुली येतात आणि त्यातल्या 6 जणांकडून मी फी घेत नाही.

हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ शब्दांत मला एका वडिलांनी विचारला होता, सात-आठ वर्षांपूर्वी. पतसंस्थेत नोकरी, घराचा हप्ता चालू. त्यांची मुलगी माझ्या स्पेशल बॅचमध्ये होती आणि चांगली होती. ते म्हणाले, “मॅडम, माझी मुलगी आणि ती एकाच बीमवर उभ्या राहतात, तितकाच वेळ. मी महिना 2500 भरतो, ती काहीच नाही. मला भरता येतात ही माझी चूक आहे का?” मी तिच्या घरची परिस्थिती सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. “परिस्थिती मला सांगू नका. मी कमवा आणि शिकामधून शिकलोय. पण तिथे सगळ्यांना एकच नियम होता.”

साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं की ते हलक्यात घेता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे इथं शाळेत जायच्या आधीच कानावर पडतं. गावोगावच्या बायकांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढून ती वसतिगृहं चालवली. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथे पोरांनी कमवा आणि शिका योजनेत घाम गाळून, काम करून शिक्षण घेतलं. गरीब पोराला शिकवलं म्हणून इथं कुणाच्या पोटात दुखत नाही. त्या वडिलांच्याही दुखत नव्हतं. त्यांना माझं माप खटकत होतं, आणि ते खटकण्यासारखंच होतं.

कसं ते सांगते. साधी बॅच रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, फी 1200. स्पेशल बॅच रोज तीन तास, सहा दिवस. त्या बॅचला मी मुलं निवडून घ्यायचे आणि वरच्या तासांचे जास्त पैसे लावायचे. एखाद्या घरी ते जमत नसेल तर सगळंच माफ करायचे. म्हणजे मुलगी गुणी आहे ही एक गोष्ट आणि घरी पैसे नाहीत ही दुसरी, या दोन्ही मी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. परिणाम असा की जी मुलगी गुणीही आहे आणि जिचे वडील ओढूनताणून का होईना पैसे भरू शकतात, तिच्या घरावर सगळ्यात जास्त भार पडायचा. गुणांबद्दल तिला माझ्याकडून काहीच मिळत नव्हतं, उलट बिल वाढत होतं.

ही गाठ सोडवायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आता असं आहे. स्पेशल बॅचमध्ये निवड झाली की वरच्या दोन तासांचे पैसे मी कुणाकडूनच घेत नाही, मग वडील डॉक्टर असोत की सेंट्रिंगच्या कामावर जाणारे. तो माझा वेळ आहे आणि तो मी गुणाला देते. पहिल्या तासाची 1200 फी मात्र सगळ्यांना सारखी. ज्यांना ती झेपत नाही त्यांची फी माझ्या जुन्या विद्यार्थिनी आणि गावातले दोन-तीन जण मिळून भरतात, कमी पडलं तर मी घालते. माझं जे उत्पन्न गेलं ते भरून काढायला रविवारी सकाळी चार ते सहा वर्षांच्या छोट्यांचा वर्ग सुरू केला. साध्या बॅचची फी यासाठी एक रुपयानेही वाढवलेली नाही. तुमच्या पैशातून दुसऱ्याचं मूल शिकतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझी हिशोबाची वही जरूर बघावी. मी मागच्या कपाटातच ठेवते.

पण पैशापेक्षा मोठं देणं वेगळंच होतं, आणि ते मला एका आईने दाखवलं.

तिची आठ वर्षांची मुलगी साध्या बॅचमध्ये यायची. आई रोज गोडोलीहून स्कूटीवर आणायची आणि भिंतीला टेकून तासभर बसायची. एक दिवस शांतपणे म्हणाली, “मॅडम, हिचा कार्टव्हील करताना, म्हणजे हातांवर बाजूने चाकासारखं फिरताना, कोपर वाकतो. मी तीन महिने बघतेय. मला वाटलं तुम्ही सांगाल.” मी पाहिलं तर खरंच वाकत होता. मी का पाहिलं नव्हतं? कारण त्या वेळी माझी नजर पलीकडे बीमवर असायची. बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच, त्यावर मुलगी बॅक वॉकओव्हर, म्हणजे मागे वाकून हात टेकून पाय वरून पलीकडे नेणं, करत असेल तर सपोर्ट देणाऱ्याला दुसरीकडे बघता येत नाही. मी दोन बॅच एकाच वेळी चालवत होते आणि पैसे भरणाऱ्या मुलांना अर्धी नजर देत होते. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. फी घेणं म्हणजे त्या तासापुरते माझे डोळे त्या मुलाचे, हे मला एका पालकाने सांगावं लागलं.

तेव्हापासून साधी बॅच संपल्याशिवाय स्पेशलचं अवघड काम सुरू होत नाही. साध्या बॅचच्या तासात त्या मुली फक्त ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करतात, तेही माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या देखरेखीखाली. मी त्या तासात त्यांच्याकडे जात नाही.

मॅट्सबद्दलही विचारलं जातं. फी नसलेल्या मुलींनी निदान मॅट्स तरी अंथराव्यात, हे सुचवणारे पालक वाईट नव्हते. कमवा आणि शिका हेच त्यांच्या मनात होतं. मी दोन महिने करूनही पाहिलं. मग एका संध्याकाळी बॅचमधली एक लहान मुलगी त्यांच्यातल्या एकीला सहज म्हणाली, “ए, माझी मॅट घाल ना.” त्याच दिवशी ते बंद केलं. आता क्रॅश मॅट ओढणं, स्प्रिंग बोर्ड लावणं, हाताला लावायची मॅग्नेशियमची पूड सांडली की पुसणं, सगळं सगळ्यांनी करायचं. डॉक्टरांच्या मुलाने सुद्धा.

इतकं करायचंच कशाला, असंही काही जण म्हणतात. हुशार असेल तर सरकार बघेल. सरकार बघतं, पण उशिरा. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत निवड झाली तर महिना 10,000 रुपये भत्ता मिळतो, सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे. तिथवर पोचायला आधी सात-आठ वर्षं घालावी लागतात. सहाव्या-सातव्या वर्षी कंबर आणि खांदे जितके मोकळे होतात तितके बाराव्या वर्षी होत नाहीत. ती वर्षं कुणी सांभाळायची? आपल्याकडे कुस्तीला निदान गाव असतं. तालीम असते, पोराच्या खुराकाला कुणी दूध देतं, जत्रेच्या मैदानात चार कुस्त्या मारल्या तर इनाम मिळतं. जिम्नॅस्टला जत्रा नाही. आणि कुस्तीतसुद्धा आपल्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जायचं तर पैसे कमी पडले होते. तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. पदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते घर गहाण पडलं नसतं तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता निवडीबद्दल. ती मी करते, म्हणून ती चुकू शकते. त्रिपुराची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर लहानपणी शिकायला गेली तेव्हा तिच्या पायांचे तळवे सपाट होते, जिम्नॅस्टसाठी मोठीच अडचण. एखाद्याने तिथेच नाही म्हटलं असतं. आगरतळ्यात तिच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली गेली, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकारात, तिचं पदक फक्त 0.150 गुणांनी हुकलं. म्हणून माझी निवड कायमची नसते. दर सहा महिन्यांनी चाचणी होते आणि ती सगळ्यांना खुली असते. साध्या बॅचमधून मुली वर गेल्या आहेत. वरून खालीही आल्या आहेत, आणि तेव्हा आईवडिलांसमोर बसणं मला फार जड जातं.

एक गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही. ज्या मुलाला आवड भरपूर आहे, घरी पैसे नाहीत आणि अंगात फार गुण नाहीत, त्याचं काय? मदतीचे पैसे मोजके, ते निवड झालेल्यांवरच संपतात. तीन मुलं निम्म्या फीवर येतात. चौथ्याला मागच्या वर्षी नाही म्हणाले. तो अजून संध्याकाळी खिडकीशी येऊन बघत उभा असतो.

आणि ज्या फुकट शिकून सोडून गेल्या त्यांचं? एकीला चार वर्षं शिकवलं. परळीकडच्या गावातून एसटीने यायची, बारवर तिच्यासारखी पकड मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तेराव्या वर्षी घरच्यांनी बंद केलं. मला विचारलं गेलं, लिहून का नाही घेतलं? मी कुणाकडून लिहून घेत नाही. फी भरणारी मुलगी सोडून जाते तेव्हा तिच्याकडे मी उरलेली वर्षं मागत नाही, मग हिच्याकडे कशी मागू? गेल्या गणपतीत ती राजवाड्याजवळ भेटली, धाकट्या भावाला घेऊन. म्हणाली, “ताई, याला आणू का? हा हातावर चालतो.”

आणायला सांगितलं आहे. पुढच्या चाचणीत तोही असेल, तुमचीही मुलं असतील. येताना पोट जड नको, नखं कापलेली हवीत, आणि फीबद्दल त्या दिवशी कुणीही बोलायचं नाही.