अनुनाद नलिका: एका वाचनावर भागत नाही

अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीत ध्वनीचा वेग बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी येतो. दोष कानाचा नसतो. पहिला अनुनाद मिळाला, म्हणजे नळीतल्या हवेने स्वराला साथ देऊन आवाज एकदम वाढला, की हवेच्या स्तंभाची लांबी पाव तरंगलांबी समजून तिला चारने गुणून मोकळं व्हायचं, ही सवय नडते.

४ सेंमी आतला व्यास असलेला, ७० सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या. पाण्याने भरलेलं खोल पिंप हवं, बादली उथळ पडते. पाइप पाण्यात उभा धरून तोंडावर ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा (आपटल्यावर एकच स्वर देणारा दोन भुजांचा धातूचा काटा) धरायचा आणि पाइप सावकाश वर घ्यायचा. २७ अंश तापमानाला पाण्यावरचा पाइप सुमारे १५.८ सेंमी झाला की आवाज एकदम भरून येतो.

आता ४ × ५१२ × ०.१५८ करून बघा. उत्तर ३२४ मीटर प्रतिसेकंद, आणि असायला हवं ३४८ च्या आसपास. हे चोवीस मीटर कुठे गेले? पाण्यापाशी निस्पंद (हवा हलत नाही ती जागा) असतो हे बरोबर, पण प्रस्पंद (हवा सर्वात जास्त हलते ती जागा) पाइपाच्या काठावर नसतो. तोंडाबाहेरची थोडी हवाही आतल्या स्तंभाबरोबर हलते, त्यामुळे तो व्यासाच्या साधारण ०.३ पट, इथे १.२ सेंमी, वर सरकतो.

म्हणून पाइप तसाच वर घेत राहा. दुसरा अनुनाद ४९.७ सेंमीवर येईल, पहिल्यापेक्षा क्षीण. तोंडाशी होणारी वाढ दोन्ही वाचनांत सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती उडून जाते. उरलेले ३३.९ सेंमी म्हणजे अर्धी तरंगलांबी. २ × ५१२ × ०.३३९ = ३४७ मीटर प्रतिसेकंद. ही वजाबाकी मला या प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

नादकाटा रबरी ठोकळ्यावरच आपटावा. टेबलाच्या कडेवर आपटला तर मूळ स्वराच्या सहापटीहून वरचा किणकिणाट मिसळतो. दोन्ही भुजा पाइपाच्या तोंडावर एकीखाली एक याव्यात. काटा कानाजवळ धरून दांड्याभोवती फिरवा: एका फेऱ्यात चार ठिकाणी आवाज जवळपास विरतो, कारण भुजांच्या मधून आणि बाहेरून येणारे तरंग तिथे एकमेकांना मारतात. नेमका तोच कोन पाइपाकडे झाला तर अनुनाद सापडतच नाही.

काटा नसेल तर मोबाइलचं टोन जनरेटर अ‍ॅप चालतं, पण तरंग ‘साइन’, म्हणजे एकाच वारंवारतेचा शुद्ध स्वर, निवडा. ‘स्क्वेअर’ ठेवलात तर त्यात मिसळलेल्या तिप्पट वारंवारतेमुळे ४.५ आणि २७ सेंमीच्या आसपासही फसवे अनुनाद मिळतील. फोन तोंडावर टेकवू नका. तोंड झाकलं गेलं की वाचन सरकतं. आणि डोकं हलवू नका, बंद खोलीत शुद्ध स्वर जागोजागी कमी-जास्त ऐकू येतो. प्रत्येक अनुनाद पाइप वर नेताना आणि खाली आणताना असा दोनदा टिपून सरासरी घ्यावी. पाणी स्थिर झाल्याशिवाय माप घेऊ नये.

दोन्ही वाचनांत मिलिमीटरभर चूक धरली तरी वेगात फरक फार तर दोन मीटरचा. पाइपातल्या दमट हवेने वेग आणखी एक-दोन मीटर वाढू शकतो. एवढी अचूकता एका जुन्या प्रश्नाला पुरते. ध्वनी जाताना हवेचं तापमान बदलत नाही असं धरून न्यूटनने सूत्र मांडलं होतं. २७ अंशांना ते सुमारे २९४ देतं. दाबली जाणारी हवा तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ही फ्रेंच गणितज्ञ लाप्लासची दुरुस्ती धरली की ३४८ येतात. पिंपातल्या पाइपाचं मोजमाप लाप्लासच्या बाजूने पडतं.