पामवाग ते सेसफॉन्टेन : दोन पंक्चर आणि एक वही

नामिबियाच्या सहलीसाठी राजधानी विंडहुकच्या एजंटाने आमच्याकडून माणशी वेगळं ‘संवर्धन शुल्क’ घेतलं. ते गावांना जातं, असं छातीठोकपणे सांगितलं. गावात विचारलं, तर त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. लेखी हिशेब मिळाल्याशिवाय असले पैसे देऊ नका.

एटोशा अभयारण्यातले चार दिवस छान गेले. खरी परीक्षा पामवागच्या पुढे, सेसफॉन्टेनकडे जाणाऱ्या सी-४३ या कच्च्या रस्त्यावर. शंभरेक किलोमीटर, पण पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, त्यात धारदार दगड. आम्हाला सहा तास लागले. दोन स्टेपनी हव्यातच, टायरची हवा कमी ठेवा, साठच्या वर जाऊ नका. पामवागला टाकी भरून घ्या.

दुसरं पंक्चर एका कॉन्झर्व्हन्सीच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या वन्यजीव क्षेत्राच्या, ऑफिसजवळ झालं. तिथे पिकअपच्या फळीवर पहाडी झेब्रा कापत होते. कातडं पैसे भरून आलेल्या परदेशी शिकाऱ्याचं, मांस गावाचं. बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी शिकारीच्या कट्टर विरोधातला माणूस, मान फिरवली. तोवर तिथल्या राखणदाराने त्याची वही उघडून दाखवली. तरसाने नेलेल्या शेळ्या, हत्तींनी फोडलेली पाण्याची टाकी, सगळं तारीखवार. त्याचा पगार शिकारीच्या पैशातून होतो.

नामिबियाने १९९६ च्या कायद्याने वन्यप्राण्यांपासून होणाऱ्या उत्पन्नावर गावांना हक्क दिला. १९९८ पासून कॉन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या, आज ऐंशीच्या वर आहेत. कुठला प्राणी किती मारायचा, याचा कोटा सरकार ठरवतं. आमच्यासारख्या फोटोवाल्यांना लॉज लागतो, बरा रस्ता लागतो. शिकारी तंबूत राहतो आणि जिथे आपण कधीच जाणार नाही तिथे पैसे देतो.

माझं गाव यवतमाळकडचं. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभरा साफ करतात, मग भरपाईसाठी हेलपाटे. त्या वहीपुढे मला गप्प बसावं लागलं. मौजेसाठी जीव घेणं मला आजही चूकच वाटतं. पण ज्याच्या शेळ्या जातात, त्याच्या तोंडचं मांस काढून घेण्याचा अधिकार मला नाही.

काळ्या गेंड्याचं मात्र अजून पचत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला नामिबियातला एक गेंडा मारण्याच्या परवान्याचा साडेतीन लाख डॉलरला लिलाव झाला, पुढच्या वर्षी गेंडा मारला. नर म्हातारा, प्रजननाच्या कामाचा नाही, इतर गेंड्यांच्या जिवावर उठणारा. पैसा नामिबियाच्या सरकारी संवर्धन निधीत गेला. सगळं पटतं, तरी पोटात खड्डा पडतो.

दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेले सिंह मारतात, त्याला माझा ठाम नकार. छावे कुरवाळायला बोलावणाऱ्या जागी पाऊल टाकू नका. त्यातले बरेच पुढे बंदुकीसमोर उभे केले जातात.

राहायचं तर कॉन्झर्व्हन्सीच्याच कॅम्पसाइटवर, पैसे तिथेच द्या, पावती घ्या. आणि कुणी कच्चं मांस दिलं तर तिथेच शिजवून संपवा. दक्षिणेकडे परतताना पामवागच्या जनावर-तपासणी गेटवर ते काढून घेतात.