अडगावचे रोडगे आणि सोमवारची रात्र

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर आम्ही पाच तास होतो. शार्दूल दरवाजा, तोफा, तलाव, सगळं रीतसर पाहिलं, फोटो काढले. आणि आज लिहायला बसलो तर डोळ्यांपुढे येतंय ते अडगावच्या शिवारातलं निंबाचं झाड आणि त्याखालची दोरी सैल झालेली बाज. तेव्हा गडाचं वर्णन वाचायला आलेल्यांनी इथूनच परत फिरावं, मी रागावणार नाही.

आधी मंडळी सांगतो. आम्ही पाच जण, राजकारणावर आणि लष्करावर लिहिणारे. पोटापाण्याचा धंदा प्रत्येकाचा वेगळा. नागपूरचे वकील वेगळ्या विदर्भाचे कट्टर. अकोल्याचे मास्तर, निवृत्त, इतिहास शिकवायचे आणि संयुक्त महाराष्ट्रावर तितकेच कट्टर. यवतमाळच्या ताई सैनिकांच्या पेन्शनवर लिहितात. एक ‘कर्नल’, ज्यांनी फौजेत एक दिवसही काढलेला नाही पण बोफोर्सच्या नळीचा व्यास झोपेत सांगतील. आणि पुण्याचा मी. वर्षानुवर्षं एकमेकांचं वाचतो आणि एकमेकांना ओळखतो ते चुकांवरून. कोण रेजिमेंटचं नाव चुकवतो, कोण बटालियन आणि ब्रिगेड यांत गल्लत करतो, कोण तहाचं साल एकाने पुढे ढकलतो, याचा हिशेब प्रत्येकाकडे आहे. बाहेरच्या माणसाला हे वैर वाटेल. पण माझ्या बायकोनं माझा एकही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही आणि मास्तरांनी प्रत्येक लेख तळटिपेपर्यंत वाचलाय. आमच्यात चूक काढणं ही विचारपूस असते.

असते म्हणतो खरं, पण मास्तरांशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगायला लाज वाटते. पुलगावच्या दारूगोळा भांडाराला २०१६ साली आग लागली, त्यावर मी लिहिलं होतं, ‘३० मेच्या रात्री’. मास्तरांनी कळवलं, आग मध्यरात्र उलटल्यावर लागली, म्हणजे ३१ मे. मी म्हटलं, माणूस झोपताना जी तारीख असते तीच त्या रात्रीची तारीख. मास्तर म्हणाले, कॅलेंडरला झोप नसते. यावर मी काहीतरी लागेल असं बोललो. मग संपलंच.

तर २९ नोव्हेंबर. १८०३ साली याच तारखेला अडगावला लढाई झाली, इंग्रजी पुस्तकांतलं ‘आर्गाव’ ते हेच. असईच्या लढाईनंतर दोन महिन्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं इथे नागपूरचे भोसले आणि शिंदे यांच्या फौजेला गाठलं, पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ला देवगावचा तह होऊन भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. यंदा तारीख शनिवारी आली, म्हणून वकिलांनी टूम काढली की आधी रणभूमी, मग गड. मी रात्रीच्या गाडीत बसलो. शेगावला पहाटे कचोरीवाले डब्यात चढले आणि दोन कचोऱ्यांनी माझं पोट दुपारपर्यंत अडवून ठेवलं, ही चूक पुढे भोवली. अकोल्याला वकिलांची गाडी उभी होती. मागच्या सीटवर मास्तर. मधे ताई बसल्या म्हणून बरं.

अकोटपर्यंत गाडीत विदर्भाला महाराष्ट्रात आणणारा १९५३चा नागपूर करार झाला, त्यावर उतारा म्हणून १९४७चा अकोला करार झाला, राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती ती तीनदा झाली. वकील बोलताना स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडतात. रस्त्याची अवस्था पाहता हात असून फरक पडत नव्हता म्हणा.

अडगावला रणभूमी म्हणून पाहायला काय आहे? कापूस आहे. तुरी फुलावर आलेल्या, काळ्या जमिनीला भेगा, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. कर्नल बांधावर उभे राहून ‘शिंद्यांचं घोडदळ उजवीकडे’ असं हातानं दाखवत होते आणि कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत होत्या. एकीनं विचारलं, “जमीन घ्याची हाय का जी?” एवढे पाच शहरी लोक बोटं दाखवत हिंडतात म्हणजे दुसरं काय असणार.

आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो ते निवृत्त हवालदार. ताईंचा पेन्शनवरचा लेख वाचून त्यांनी वर्षभरापूर्वी फोन केला होता, तेवढीच ओळख. आम्हाला वाटलं चहा होईल. शेतात पोचलो तर गोवऱ्यांचा आर पडलेला, त्यात कणकेचे रोडगे पुरलेले, चुलीवर वांग्याची भाजी आणि काकू तुरीच्या वरणाला फोडणी देतायत. “जेवल्याबिगर नाई जाऊ देत,” हवालदार म्हणाले आणि विषय मिटला. मला हा आग्रह आवडत नाही, खरं सांगतो. पुण्यात माणूस विचारतो तरी. इथे तुम्ही नको म्हणायला तोंड उघडलंत की त्यात घास जातो.

रोडगे निघेपर्यंत वेळ होता. ताईंनी हवालदारांची फाइल मागितली. नोव्हेंबर संपायला एक दिवस उरलेला आणि हयातीचा दाखला अजून गेला नव्हता, अंगठा मशीनवर उमटतच नाही म्हणे, शेतात राबून रेघा गेलेल्या. ताई बाजेवर मांडी घालून बसल्या, मोबाईलवर त्यांचा चेहरा टिपायची खटपट सुरू केली. “काका, डोळे मिटा, आता उघडा.” सात-आठ वेळा तेच. आम्ही चार पुरुष मात्र झाडाखाली लढाई लढत होतो.

वाद जुनाच. त्या दिवशी तोफा सुरू होताच ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन पलटणी मोडून पळाल्या. असईला ज्या पलटणींनी छाती काढून मार खाल्ला त्याच या. वेलस्ली स्वतः घोडा घालून आडवा गेला, त्यांना पुन्हा उभं केलं, आणि आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता असं त्यानंच लिहून ठेवलंय. कर्नलांचं म्हणणं, ही शिस्तीची गोष्ट, पळालेलं सैन्य अर्ध्या तासात उभं राहतं ही शिस्त, आणि ती आपल्याकडे नव्हती म्हणून ३८ तोफा टाकून यावं लागलं. वकिलांचं म्हणणं, आपल्याकडे म्हणजे कोणाकडे, पळाले तेही इथलेच आणि उभे राहिले तेही इथलेच. मास्तर म्हणाले, भित्रेपणा हा शब्द इतिहासात वापरू नये. मी म्हटलं, का वापरू नये? दोन वर्षांत मास्तरांना उद्देशून हे माझं पहिलं वाक्य.

तिकडून “डोळे मिटा” चालूच होतं. डोळे मिटलेले हवालदार तसेच म्हणाले, “थे तीन पलटनी पळाल्या म्हंता तुमी. त्याइच्या पोटात काई होतं का?”

कोणी बोललं नाही.

“सकाळपासून चालून आले असन नं कोठून तरी? मंग कवा जेवले?”

वकिलांनी फोन काढला. वेलस्लीचा लढाईनंतरचा अहवाल त्यांच्याकडे साठवलेला असतो, त्यांच्याकडे सगळंच साठवलेलं असतं. सापडलं तिथेच. फौज लांबची मजल मारून आली होती, दिवस फार उन्हाचा होता, म्हणून आधी शत्रूच्या मागे जायचं नाही असंच ठरलं होतं. लढाई जुंपली ती पार दुपार कलल्यावर. हे वाक्य आम्ही चौघांनी किती वेळा वाचलं असेल! त्यावर आम्ही वेळेचा अंदाज बांधला होता, अंतराचा बांधला होता, त्या वेळच्या नकाशावर रेघा ओढल्या होत्या. जेवणाचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. हवालदार पुढे म्हणाले, १९९९ला कारगिलच्या लढाईत द्रासकडे त्यांना वर सामान पोचवायची ड्युटी होती, तिथे पहिला आवाज झाला की पोट आधी सांगतं, पाय मागून सांगतात. एवढंच बोलले. तेवढ्यात मोबाईलनं ‘टिंग’ केलं, ताई ओरडल्या, “झालं काका! तुम्ही हयात आहात!” आणि काकू इतक्या हसल्या की वरणाची पळी खाली पडली.

मग पंगत. रोडगे राखेतून काढून, फडक्यावर आपटून, हातानं फोडून, वर तुपाची धार. भाजीला अशी चव की कचोरीचा पश्चात्ताप झाला. मी दोनातच गार पडलो. कर्नलांनी तीन, मास्तरांनी चार. सत्तरीच्या माणसानं चार रोडगे खावेत हे मी उघड बोललो नाही, मनात नोंद केली.

जेवताना काकूंना विचारलं, माहेर कुठलं. “पुलगावपाशी,” त्या म्हणाल्या. मी ताटात पाहू लागलो. मास्तरही ताटात पाहू लागले. कर्नलना आमचं भांडण माहीत नव्हतं, त्यांनी सरळ विचारलं, आग लागली तेव्हा तुमचे लोक कुठे होते? काकू वाढता वाढता सांगत राहिल्या. भावाचं घर त्या बाजूच्या गावात. उन्हाळा, म्हणून सगळे अंगणात निजलेले. आधी उजेड झाला, मग जमीन हादरली, मग घराचं दार आपोआप उघडलं. भावजय लहान पोराला उचलून निघाली, अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मोठा मागेच राहिला, तो सासऱ्याच्या खांद्यावर होता, पण अंधारात ते दिसायला तासभर गेला. गावंच्या गावं रस्त्यानं चालत होती. ढोरं दाव्याला तशीच. “मले फोन आला थ्या सोमवारच्या राती. दुसऱ्या दिवशी समजलं किती जवान गेले.”

सोमवारची रात्र. मास्तरांनी मान वर केली, मीही केली. ३१ मे २०१६ला मंगळवार होता, हे आम्हा दोघांनाही पाठ. म्हणजे काकूंच्या हिशेबानं मी बरोबर आणि कॅलेंडरच्या हिशेबानं मास्तर. त्यांच्या डोळ्यांत तेच गणित चाललेलं मला दिसलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही. दोन वर्षं ज्यावर अबोला धरला ते त्या बाईसमोर उच्चारायची सोय नव्हती. मास्तरांनी भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. “घ्या,” म्हणाले. मला एक घासही जाणार नव्हता. घेतली.

निघताना काकूंनी प्रत्येकाच्या पिशवीत तुरीची डाळ घातली, नव्या कापसाचा एक बोळा ताईंच्या ओटीत. पैसे द्यायचा विचार करून आलेल्या वकिलांनी खिशातला हात खिशातच ठेवला. गाडीत पुढचा तासभर वेगळा विदर्भ झाला नाही. परतवाडा आल्यावर पुन्हा झाला.

रात्री चिखलदरा. ज्या हॉटेलात उतरलो त्याचं नाव घेत नाही, गरम पाणी ‘सकाळी सहा ते सात’ असं लिहून ठेवलं होतं आणि ते साडेपाचलाच संपलं. रविवारी पॉइंट-पॉइंटला इतकी गर्दी की दरी बघायला रांग, कणसाच्या धुरात पुढचं काही दिसेना. थंडी बरी होती. खोल्या कमी पडल्या म्हणून मी आणि मास्तर एका खोलीत, एकाच जाड रजईत. मास्तर घोरतात. मधे जागे होऊन म्हणाले, “वेलस्लीच्या त्या स्टीव्हन्सननं तोफा वर कुठून चढवल्या ते उद्या दाखवतो तुम्हाला. तुमच्या लेखात वाट चुकलीय.” मी बरं म्हटलं आणि गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गडाच्या उत्तर अंगाची सोंड दाखवली. वाट माझीच चुकली होती, फार नाही, एका टेकडीनं.

हा लेख छापायला टाकण्याआधी मास्तरांना फोनवर वाचून दाखवला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पुलगावबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग म्हणाले, “रोडगे चार नव्हते. तीन. चौथा वकिलांनी माझ्या ताटातला उचलला.” वकिलांना विचारलं तर ते म्हणतात साफ खोटं.

मी चारच ठेवलेत.