आमची वाटचाल: मुंग्यांपासून केल्विनपर्यंत

भोसरीतल्या एका छोट्या गाळ्यात आम्ही केबल टीव्हीचे बूस्टर बनवायचो. मी आणि दोन पोरं. चित्रात मुंग्या आल्या की गिऱ्हाईक ओरडायचं, आम्ही गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, वाढवून द्यायचो. गेनबरोबर मुंग्याही वाढतात, हे उमगायला काही वर्षं गेली.

सेट-टॉप बॉक्स आले, बूस्टरचा धंदा बसला. त्याच सुमारास मुलीच्या हट्टापायी विज्ञान दिनाला खोडदला गेलो. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: ४५ मीटरची जाळीदार डिश, अशा तीस. परतताना नारायणगावपर्यंत डोक्यात एकच: आपण कमी नॉइजचा, म्हणजे स्वतःच्या मुंग्या कमी मिसळणारा ॲम्प्लिफायर करायचा, १४२० मेगाहर्ट्झचा, आकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरींसाठी.

पहिलाच लॉट परत आला. ‘नॉइज जास्त’, एवढाच शेरा. किती, कसा मोजला, काही नाही. नॉइज तापमानात, केल्विनमध्ये मोजतात: तेवढ्या तापमानाचा रोध जितका नॉइज देईल तितका. आमच्या हिशेबानं ॲम्प्लिफायरचा नॉइज ३५ केल्विन होता. मग थर्माकोलच्या डब्यात द्रव नायट्रोजन ओतला, ५० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे इनपुटला जोडायचा रोध, त्यात बुडवलं. ते झालं ७७ केल्विन. दुसरं टेबलावर, ३०० केल्विन. दोन्ही आळीपाळीनं जोडून आउटपुट बघायचं. फरक पावणेपाच डेसिबल हवा होता; मिळाला जेमतेम चार. म्हणजे नॉइज ६७ केल्विनच्या आसपास.

दोन दिवस ट्रान्झिस्टर बदलले. चोर निघाली सॉकेटपासून बोर्डपर्यंतची वीतभर बारीक केबल. तिचा आणि सांध्यांचा लॉस ०.४ डेसिबल. लॉस म्हणजे सिग्नल थोडा कमी, एवढंच मी धरून चाललो होतो. पण जी वस्तू लहरी शोषते ती स्वतःच्या उष्णतेनं तेवढ्याच लहरी सोडतेही. ती केबल एकटी २९ केल्विन ओतत होती, तेही ॲम्प्लिफायरच्या आधी. केबल काढली, सॉकेट थेट बोर्डावर आणलं.

हल्ली हौशी आकाशनिरीक्षकांच्या कॅमेऱ्यांचीही दुरुस्ती करतो. तिथं हिशेब उलटा. दृश्य प्रकाशात खोलीच्या उष्णतेचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जवळपास नसतातच. सेन्सर थंड करायचा तो त्याच्या आतल्या डार्क करंटसाठी, म्हणजे अंधारातही वाहणारा प्रवाह कमी करायला. १० मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला मात्र भिंत, भिंग, आपला हात, सगळंच उजळलेलं. आणि १४२० मेगाहर्ट्झला खोलीच्या तापमानात एकेका मोडमध्ये, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या एकेका प्रकारात, चार हजारांवर फोटॉन. रेडिओवाल्याचं नशीब असं.

त्या परत आलेल्या लॉटमधले बारा डबे अजून फळीवर आहेत. नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्यातला एक त्याच्या हाती देतो, नायट्रोजनचा डबा पुढ्यात ठेवतो आणि चहाला निघून जातो.