शारदेचं वर्ष

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सांगलीला नाटकाचे वेध लागतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं ना, त्यामुळे त्या दिवसांत जो तो नाटकावरच बोलत असतो. आमच्या मंडळाचं शिबिरही तेव्हाच भरायचं, शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून.

त्यातलं 'शारदा'चं वर्ष मला फार आठवतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे आमच्या घरचेच, त्यामुळे १८९९ सालच्या त्या नाटकातली पदं लहानपणापासून कानावर होती. शिबिराच्या ताईंनी भूमिकाच फिरवल्या, शारदा मुलगा करणार, तिच्याशी लग्नाला निघालेला म्हातारा भुजंगनाथ आणि पैशासाठी तिला द्यायला निघालेला तिचा बाप कांचनभट मुली. आता पुरुषानं बाईची भूमिका करणं आपल्याला काय नवीन, बालगंधर्वसुद्धा आपल्या नागठाण्याचेच, पण ताईंचं म्हणणं असं की नुसतं देखणं दिसायचं नाही, जिच्या लग्नाचा सौदा चाललाय त्या पोरीला काय होत असेल ते शोधायचं. पोरानं आवाज बारीक केला की लगेच थांबवायच्या, "तुझ्याच आवाजात बोल रे, बायकी कशाला?"

त्याला तालमीला पहिल्या दिवसापासून नऊवारी. आधी काष्टा सारखा सुटायचा, मग हळूहळू अंग सरावलं आणि बापासमोर उभं राहताना त्याचा हात आपोआप पदराकडे जायला लागला, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि कांचनभट झालेली पोरगी! जीन्सवर उपरणं, बाकी काही नाही. पैशाचं बोलताना तिनं शारदेकडे एकदाही बघितलं नाही, नुसती बोटं मोडत हिशेब करत राहिली. अंगावर काटा आला.

चर्चा तर विचारू नका. नाटकात भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र निघतात म्हणून ते लग्न मोडतं, तर आठवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "म्हणजे गोत्र वेगळं असतं तर दिली असती काय तिला?" यावर बराच वेळ कुणाला काही सुचेना. शेवटी देवलांचा शब्दही न बदलता एवढंच केलं, निकाल लागताना सगळी पात्रं एकमेकांशी बोलतात आणि शारदा मध्ये एकटी उभी, तिला कुणीच काही विचारत नाही.

काही जुन्या मंडळींना ते पटलं नाही, चहाच्या वेळी जोरात वाद झाले. मला विचाराल तर देवलांची चीड त्या वर्षी आम्हाला खरी कळली. पुढच्या वर्षी देवलांचंच 'मृच्छकटिक' ठरलं, तर त्यातली नायिका वसंतसेना कोण करणार यावरून मुलामुलांतच भांडणं लागली!