पळसाला तीनही पाने नसतात तेव्हा

वसंतपंचमी २०२६ साली २३ जानेवारीलाच होऊन गेली. नागपुरात तेव्हा लोक स्वेटर घालून टपरीवर चहा पीत होते. वसंताचा पत्ता नव्हता. हरकत नाही, आमच्याकडे तो पंचांग बघून येत नाही आणि आला तरी हिरवा येत नाही. कोवळी पालवी डोक्यात ठेवून फेब्रुवारीत गोरेवाड्याच्या जंगलाकडे फिरायला जावं, तर दिसते ती निव्वळ पानगळ. पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात आणि वर झाडांचे नुसते खराटे.

वसंत शोधायचा तो या खराट्यांवरच. पळसाला पाने तीनच म्हणतात. या दिवसांत तीही गळलेली असतात. पण फांदी जरा खाली ओढून पाहावी. काळपट-तपकिरी कळ्या दाटीने लागलेल्या असतात, बोट फिरवलं तर मखमल लागते. शंभरातल्या एखाद्या कळीची टोपी किंचित सरकलेली असते आणि त्या फटीतून शेंदरी टोक डोकावतं. बाकी सगळ्या अजून गप्प. आठ-पंधरा दिवसांत हेच झाड पेटल्यासारखं होईल आणि मोबाइल घेऊन माणसं जमतील. मला विचाराल तर पळस बघायचा तो आत्ता.

पानं नसण्यातही झाडाचा हिशेब आहे. आड काही नसलं की फुलं पाखरांना लांबूनच दिसतात. काटेसावरीचा कारभारही तोच. तिच्याखाली उभं राहिलं की वर साळुंक्या, बुलबुल आणि कावळ्यांची पंगत बसलेली, मानपानावरून भांडणं चाललेली. सावरीचं फूल अख्खंच्या अख्खं धप्पकन खाली येतं; डोक्यावर पडलं तर कळतं. एक उचललं. पाच जाडजूड लाल पाकळ्या, मध्ये केसरांचा झुबका, आणि माझ्याआधी पोचलेले दोन मुंगळे.

तिथं रोज भेटणाऱ्या एका काकाजींना मी पळसाची ती कळी दाखवली. त्यांनी मान वर करून नीट पाहिली.

"म्हणजे उन्हाळा येऊन राहिला न जी. कूलरच्या ताट्या आताच घेऊन टाका, मग भाव वाढवतात हे लोक."

त्यांचंही चूक नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या गावात वसंत आणि उन्हाळा यांच्यात सीमारेषा आखणार कुठं? तरी मी हट्टानं म्हटलं, काकाजी, याच काटोल रोडनं पुढं गेलं की संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराची पांढरी फुलं आलेली असतील. गाडीची काच खाली केली की वास येतो. येता का रविवारी?

"येतो न," काकाजी म्हणाले. "पण नऊच्या आत वापस आणाल तर. मग ऊन लागते."