तुम्ही विचारलंत म्हणून : मी ऑटो का बसवून देत नाही

"भो, मोटरले ऑटो बसाडी दे ना." दिवाळी झाली, गव्हाचं पहिलं पाणी सुरू झालं की माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात रोज दोन-तीन जण हेच सांगत येतात. ऑटो म्हणजे लाईट आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारा डबा. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : सगळे बसवून देतात, मग तुम्हीच का नाही? चोपड्याच्या बाजारात तो डबा कुठेही मिळतो आणि स्टार्टरशेजारी जोडायला अर्धा तास पुरतो. काहींना वाटतं, मला जमत नाही. काहींना वाटतं, मोटारी जळाल्या तर रिवायंडिंगवाल्याचा धंदा, मग हा अडवतो कशाला? आणि काही जण सरळ म्हणतात की मी महावितरणची भाषा बोलतो, कारण 'ऑटो काढा, कपॅसिटर बसवा' हे त्यांचंही सांगणं आहे. एकदाच नीट सांगतो.

आधी तुमची बाजू, कारण ती खोटी नाही. शेतीची लाईट आठ तास, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. रात्रीच्या पाळीत लाईट मध्यरात्री येणार, म्हणजे मध्यरात्री विहिरीवर कुणीतरी उभं पाहिजे. जानेवारीत सातपुड्याकडून वारा सुटला की ओल्या वाफ्यात पाय टाकवत नाही. केळीच्या बागेत बॅटरीचा उजेड दोन ओळींपलीकडे जात नाही. साप तर आहेतच, बिबट्याही आहे. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली, तेव्हापासून रात्रीच्या पाण्याला एकटा जायला कुणी धजत नाही. "रातले वावरमा कोन जाई?" याला माझ्याकडे उत्तर नाही. ऑटो बसवला की घरी झोपून मोटार चालते. माणूस वाचतो. हे मला कुणी शिकवायला नको, याच बोलीवर मी ते डबे बसवत होतो.

आता डीपीचं, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं गणित, तेही सगळ्यांना माहीत असून कुणी करत नाही. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण ताकद म्हणजे फेजला साधारण ८४ अ‍ॅम्पियर. पाच एचपीची मोटार चालताना आठेक अ‍ॅम्पियर घेते. दहा मोटारींचे झाले ८०. डीपी भरली. पण ही झाली चालत्या मोटारीची गोष्ट. साध्या, थेट स्टार्टरवर उठताना तीच मोटार सहापट ओढते. एकेक उठली तर डीपीला जाणवत नाही. दहाही एका क्षणी उठल्या तर ४८० अ‍ॅम्पियर. व्होल्टेज खाली बसतं. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की मोटारीचा जोर सत्तर टक्के राहत नाही, निम्म्यावर येतो. मग मोटार उठतही नाही आणि सुटतही नाही, घूं घूं करत तोच मोठा करंट ओढत राहते. कुणाचा रिले पडून मोटार बंद होते, कुणाचं वायंडिंग करपतं. डीपीच्या पेटीतला फ्यूज जायला हवा, पण तिथे फ्यूजची तार असते कुठे? अ‍ॅल्युमिनियमच्या चार पदरांचा पीळ असतो, म्हणजे फ्यूज जात नाही, डीपी जाते. मग डीपी दुरुस्तीला न्यायला वर्गणी, ट्रॅक्टर, आणि मे महिन्याच्या ४२-४३ डिग्रीत पाण्याविना उभी केळी.

तुम्ही म्हणाल, टायमर असतो. असतो. डब्यावर एक नॉब आहे, लाईट आल्यावर किती वेळाने मोटार उचलायची ते त्यावर ठरतं. पहिल्याने अर्धा मिनिट ठेवायचं, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने दीड, असं दहा जणांनी वाटून घेतलं तर पाच मिनिटांत सगळ्या मोटारी सुरू होतात आणि डीपीला काही होत नाही. मी हे एका डीपीवर खडूने स्टार्टरच्या पेट्यांवर आकडे लिहून करून दिलं होतं. आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी शेवटच्या नंबरवाल्याच्या लक्षात आलं की त्याची पाळी येईपर्यंत व्होल्टेज पडलेलं असतं आणि त्याचीच मोटार उठत नाही. त्याने नॉब शून्याकडे फिरवला. मग त्याच्या आधीच्याने. महिन्याभरात सगळे नॉब एकाच जागी. यात लबाड कुणी नव्हतं, प्रत्येकाला आपलं शेत दिसत होतं. नियम मोडणारा पहिला माणूस मला आजही चूक वाटत नाही, आणि हेच अडचणीचं आहे.

कपॅसिटरने थोडं हलकं होतं, पाच एचपीला दोन केव्हीएआरचा. आठ अ‍ॅम्पियरचे पावणेसातच्या आसपास येतात. लोक तो लावत नाहीत, कारण फायदा डीपीला होतो आणि पैसे आपले जातात. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिलही माफ आहे, मग तर कोण कशाला मोजतो.

पण डीपी जळते म्हणून मी ऑटो सोडला, असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. डीपी दुरुस्त होते.

स्टार्टरचं झाकण उघडा. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल ओढते आणि तिन्ही फेज चिकटतात. लाईट गेली की कॉइल सुटते. लाईट परत आली तरी ती आपोआप ओढत नाही, कुणीतरी येऊन बटण दाबावं लागतं. शेतकऱ्याला हा स्टार्टरचा दोष वाटतो, कारण रात्रीतून तीनदा ट्रिप झाली तर तीनदा उठावं लागतं. ऑटो यायच्या आधी लोक त्या काँटॅक्टरला लाकडाची पाचर मारायचे, ती याचसाठी. पण तो दोष नाही. सुटलेली कॉइल हे कुलूप आहे. लाईट गेल्यावर स्टार्टरपुढची सगळी केबल मेलेली असते आणि माणूस येईपर्यंत मेलेलीच राहते. बाकी कुणी काही विसरलं तरी कॉइल ही एक गोष्ट विसरत नाही. ऑटो नेमकं हेच कुलूप काढतो. त्याचं कामच ते आहे.

आता ज्या विहिरीमुळे मी ऑटो सोडला, ती सांगतो. विहीर चाळीस-पंचेचाळीस फुटांची, पाणी खाली गेलेलं, म्हणून पाच एचपीचा मोनोब्लॉक आतल्या गर्डरवर, वीसेक फूट खाली बसवलेला. स्टार्टरची पेटी वर, बांधावरच्या निंबाला. पेटीपासून विहिरीपर्यंत चाळीस पावलं असतील. ऑटो मी बसवलेला. पैसे मालकाने दिले, पण मागणी सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची होती. रात्री जाणारा तोच होता ना. मालक म्हणाला होता, बटण दाबायला काय होतं? सालदारानेच हट्ट धरला, दुकानात दोन खेपा घातल्या. मी त्याला नॉब दाखवला. तो म्हणाला, कमीत कमी ठेवा, डीपीवर सगळ्यांचे तसेच आहेत. मी दहा सेकंदांवर ठेवला.

फेब्रुवारीत, दिवसाच्या पाळीत, दुपारी लाईन ट्रिप झाली. त्याआधी दोन दिवस मोटार मध्येच आवाज बदलत होती. टर्मिनलवर एक फेज सैल होता, तिथली तार तापून काळी पडली होती. हे मी नंतर पाहिलं. लाईट गेलीच आहे तर तेवढ्यात जोड नवा करून घेऊ, असा साधा हिशोब. सालदार पकड आणि चिकटपट्टी घेऊन खाली उतरला. टर्मिनलची पेटी उघडली, तिन्ही टोकं सोडवली, सुरीने सोलली. दोन तारा नव्याने वळून झाल्या होत्या. वर पेटीतले किटकॅट, म्हणजे फ्यूजचे ठोकळे, ओढलेले नव्हते. ते ओढायला चाळीस पावलं जायचं, परत यायचं, आणि लाईट तर नव्हतीच. साधा स्टार्टर असता तर त्याचा हा हिशोब बरोबर ठरला असता. पंधरा वर्षं तो असंच काम करत आला होता आणि पंधरा वर्षं ते चाललं होतं, कारण कॉइल सुटलेली असायची. लाईट वीस-पंचवीस मिनिटांत परत आली. यात कुणाची चूक नाही, ट्रिप झालेली लाईन परत येतेच. शेजारच्या वावरातल्या माणसाने ओरडून सांगितलं म्हणे, "लाईट उनी!" त्याला वाटलं, चांगलीच बातमी देतोय. वर पेटीत टायमरने दहा सेकंद मोजले.

त्याला वर काढायला दोर सापडेना, मग ठिबकच्या नळ्यांचा पीळ करून काढलं. नळीच्या खुणा दंडावर उठल्या होत्या. बाकी लिहीत नाही.

पंचनाम्यात किटकॅट न ओढल्याचं आलं. बरोबरच आहे. कामाआधी मेन स्विच काढायचा, किटकॅट खिशात घालायचे, टेस्टर तिन्ही तारांना लावून पाहायचा, मग हात लावायचा. हे मीही सगळ्यांना सांगत होतो, त्यालाही सांगितलं होतं. पुढे बरीच वर्षं मी त्याच वाक्याआड बसलो : सांगितलं होतं. डबा मी जोडतो, बटण तुमचं, जबाबदारी तुमची. मोठ्या माणसाला त्याच्या वावरात काय लावायचं हे सांगणारा मी कोण?

आज त्या बोलण्यात मला खोट दिसते, पण कुठे ते नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. त्याला सूचना कळली होती, पण हातांना पंधरा वर्षांची सवय होती, आणि ती सवय ज्या कुलपावर उभी होती ते मी काढलं होतं. ही गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. 'मेन काढा' एवढंच सांगितलं होतं. 'आता लाईट गेली म्हणजे तार मेली असं समजू नका, तुमची जुनी खूण आजपासून खोटी' हे मात्र नाही. सांगितलं असतं तर फरक पडला असता का? बहुधा नाही. मग तरी माझं काय चुकलं? बघा, मी पुन्हा तिथेच येतो.

आणि हेही ऐका. माझ्या नकाराने एकही ऑटो कमी झालेला नाही. मी नाही म्हटलं की माणूस समोरच्या दुकानात जातो. वर तो रात्री विहिरीवर जाताना पडला, त्याला काही चावलं, तर तेही माझ्याच नकाराच्या खात्यावर लिहायला हवं. ते मी लिहीत नाही. नकाराला पंचनामा नसतो, म्हणून तो सोयीचा आहे. त्याच सालदाराच्या धाकट्या भावाने पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या मालकाकडे साल धरलं आणि माझ्याच दुकानात येऊन ऑटो मागितला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, माले माहीत शे. तरी बसाडी दे.

मी त्याला मोबाइल स्टार्टर सुचवला. त्यात सिम असतं, फोन लावला की मोटार सुरू, तिन्ही फेज आहेत की नाही हेही कळतं, पाणी तुटलं की बंद. महाग पडतो, हजारांत जातो. पण निदान कुणीतरी त्या क्षणी ठरवून मोटार चालू करतो. विहिरीत कुणी आहे का, हे मात्र फोनलाही दिसत नाही. मालक गावात बसून नंबर लावणार आणि सालदार खाली असणार, असंही होऊ शकतं. म्हणून तेही मी छाती ठोकून सांगत नाही. ज्याला सोलरचा पंप मिळाला त्याचा हा सगळा प्रश्नच सुटला : दिवसा चालतो, डीपी नाही, रात्र नाही. त्याच्या विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल, हा प्रश्न वेगळा.

भावाच्या मालकाकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी मी एक अट घातली, आणि आता कुणी फारच अडून बसलं तर त्यालाही हीच घालतो : ऑटो लगेच नाही, आधी विहिरीच्या काठावर, उतरायच्या पायरीशी, दुसरा मेन बसवायचा. खाली जाणाऱ्याच्या हाताशी, चाळीस पावलांवर नाही. त्याला कडी आणि कुलूप. किल्ली एकच, ती मालकाकडे नाही, पाणी भरणाऱ्याच्या करदोट्याला. मेन, पत्र्याची पेटी आणि वाढीव केबल मिळून ऑटोच्या डब्यापेक्षा जास्त खर्च येतो. हे बसवून महिना झाला की या, मग ऑटोचं बोलू.

आतापर्यंत अकरा जणांनी मेन बसवून घेतला. महिन्याने ऑटोसाठी परत आले चौघं. त्या चौघांनाही मी अजून 'पुढच्या आठवड्यात' म्हणतोय.